तीन ब्रास वाळू, पंधरा ब्रास गिलावा : घर बांधणाऱ्यांसाठी शब्दांची उजळणी

‘अंदाजपत्रकात वाळू तीन ब्रास लिहिली आहे आणि गिलावा पंधरा ब्रास. तीन ब्रास वाळूतून पंधरा ब्रास गिलावा निघतो कसा?’ एका निवृत्त शिक्षकांनी पत्रातून हा प्रश्न विचारला. त्यांना वाटत होते की ठेकेदार आपल्याला फसवतो आहे. ठेकेदाराचा हिशेब बरोबर होता, फक्त ‘ब्रास’ हा एकच शब्द त्याने दोन अर्थांनी वापरला होता आणि समजावून सांगायला कोणी नव्हते.

अशी पत्रे वारंवार येतात. कोणाला ‘चार सुती’ लोखंड म्हणजे काय ते कळत नाही, तर कोणी ‘जोत्यापर्यंतचे काम’ म्हणून पैसे देऊन बसतो आणि मग भरावाचे वेगळे मागितले जातात. बांधकामावरचे बरेच वाद लबाडीतून सुरूच होत नाहीत. दोघांनी एकच शब्द उच्चारलेला असतो आणि दोघांच्या मनात वेगवेगळी गोष्ट असते. म्हणून दर ठरवण्याआधी पुढचे शब्द समजून घ्या आणि करारात प्रत्येक शब्दासमोर आकडा आणि एकक लिहून घ्या.

ब्रास : घनफुटांचा आणि चौरस फुटांचा

वाळू, खडी, मुरूम, दगड यांचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. गिलावा, फरशी यांसारख्या पृष्ठभागाच्या कामाचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, सुमारे ९.२९ चौरस मीटर. शिक्षकांच्या घरी पंधरा ब्रास गिलावा म्हणजे १५०० चौरस फूट भिंत होती आणि वाळूचे तीन ब्रास म्हणजे ३०० घनफूट ढीग. दोन्हींची तुलनाच होत नाही.

‘गाडी’, ‘ट्रॉली’, ‘डंपर’ ही मापे नव्हेत. गाडी आली की रिकामी करण्याआधी हौदा आतून मोजा. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि मालाची उंची अडीच फूट असेल, तर १० × ६ × २.५ = १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास. उंची एकाच कोपऱ्यात बघू नका. मालात चार-पाच ठिकाणी सळई खुपसून तळापर्यंतची खोली घ्या आणि सरासरी काढा. कडेला उंच आणि मध्ये खळगा असेल तर आधी माल सपाट करायला सांगा.

ओल्या वाळूत आणखी एक गोष्ट लपलेली असते. थोडी ओलसर वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली तरी तिचे आकारमान पाव हिश्श्याने वाढू शकते. हे घरी तपासता येते. सरळ भिंतीच्या काचेच्या बरणीत ओलसर वाळू २० सेंटिमीटर उंचीपर्यंत सैल भरा. मग ती पूर्ण बुडेल इतके पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. वाळू १६ सेंटिमीटरवर आली, तर फुगवटा २५ टक्के होता. म्हणजे चार ब्रासचे पैसे देऊन तुम्ही जवळजवळ सव्वातीन ब्रासच वाळू घेतलीत. काँक्रीट कालवतानाही हेच लक्षात ठेवावे लागते, कारण फरम्याने मोजलेली ओली वाळू प्रत्यक्षात कमी भरते.

नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून ‘क्रश सँड’ सगळीकडे आली आहे. तिच्या नावाखाली खाणीवरची ‘डस्ट’ येते का, ते पाहा. डस्टमध्ये पिठासारखा बारीक अंश फार असतो. मूठभर माल पाण्यात ढवळा. पाणी बराच वेळ गढूळ राहिले आणि तळाशी जाड चिखल बसला, तर तो माल परत पाठवा. गिलाव्यासाठी वेगळी, बारीक चाळलेली ‘प्लास्टर सँड’ मागवावी लागते. काँक्रीटच्या जाडसर वाळूने केलेला गिलावा खरखरीत होतो.

सूत म्हणजे किती?

एका इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर. फिटर आणि गवंडी अजून सुतातच बोलतात, दुकानदार मिलिमीटरमध्ये बिल करतो. साधा मेळ असा आहे:

- ३ सुती : १० मिमी
- ४ सुती : १२ मिमी
- ५ सुती : १६ मिमी
- ६ सुती : २० मिमी
- ८ सुती, म्हणजे एक इंची : २५ मिमी

८ मिमीच्या सळईला बरेच जण ‘अडीच सुती’ म्हणतात आणि गोंधळ इथेच होतो. स्लॅबसाठी १० मिमी सांगितलेली असताना ८ मिमी येऊन पडते. म्हणून ऑर्डर नेहमी मिलिमीटरमध्ये आणि किलोमध्ये लिहा.

सळईचे वजन तपासायला एकच सूत्र पुरते: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचे वजन किलोमध्ये. १२ मिमीसाठी १४४ ÷ १६२ = ०.८९ किलो. सळई १२ मीटरची येते, म्हणजे एक नग सुमारे १०.७ किलो. ८ मिमीचा नग ४.७ किलो, १० मिमीचा ७.४ किलो आणि १६ मिमीचा १९ किलोच्या जवळ भरायला हवा. भारतीय मानकात १० मिमीपर्यंतच्या सळईला सात टक्के आणि १२ ते १६ मिमीला पाच टक्के फरक चालतो. त्याहून हलकी सळई म्हणजे पातळ सळई. नग मोजून घ्या, वजनकाट्याची पावती घ्या आणि दोन्हींचा मेळ घाला. सळईवर ‘एफई ५००’ किंवा ‘५०० डी’ असे उठावाचे अक्षर आणि कंपनीचे नाव ठरावीक अंतरावर असते. ‘डी’ म्हणजे अधिक लवचीक, तुटण्याआधी जास्त ताणली जाणारी सळई. घरासाठी तीच मागा.

‘चौरस फुटाला इतका दर’, पण कोणता चौरस फूट?

सर्वांत जास्त पैसा या एका शब्दात अडकतो. समजा, घराच्या बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंतचे माप ३० × २५ फूट आहे. क्षेत्र झाले ७५० चौरस फूट. वरचा स्लॅब चारी बाजूंनी दोन फूट बाहेर काढला, तर स्लॅबचे माप ३४ × २९, म्हणजे ९८६ चौरस फूट. तुमच्या मनात ७५० आणि ठेकेदाराच्या मनात ९८६. फरक २३६ चौरस फुटांचा, तोही एकाच मजल्यावर. त्यामुळे दर कमी सांगणारा ठेकेदार स्वस्त असतोच असे नाही.

काही ठेकेदार बाहेर आलेल्या भागाचे निम्मे क्षेत्र धरतात, काही पूर्ण. दोन्ही पद्धती रूढ आहेत. तुमच्या कामात कोणती, ते आधी ठरवा. करारात या गोष्टींसमोर ‘दरात आहे’ किंवा ‘वेगळे’ असे स्पष्ट लिहा:

- स्लॅबचा बाहेर आलेला भाग, छज्जे, पोर्च, बाल्कनी
- जिना आणि गच्चीवरची जिन्याची खोली
- गच्चीचा कठडा आणि त्याची उंची
- जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक, चेंबर
- कुंपणाची भिंत, फाटकाचे खांब
- स्वयंपाकाचा ओटा, पोटमाळे, कपाटांचे कप्पे

नुसते ‘घर पूर्ण करून देणे’ असे लिहिले असेल, तर यांतले निम्मे पुढे ‘एक्स्ट्रा’त येईल.

माल तुमचा की आमचा?

‘माल’ या शब्दाचे साइटवर दोन अर्थ आहेत. एक म्हणजे साहित्य, दुसरा म्हणजे कालवलेले काँक्रीट किंवा मसाला. ‘मालासकट’ म्हटले की साहित्यासकट. ‘लेबर जॉब’ म्हटले की फक्त मजुरी. पण मजुरीच्या दरातही सेंट्रिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) प्लेटा आणि टेकू कोणाचे, मिक्सर आणि व्हायब्रेटरचे भाडे कोणाचे, बांधायची तार, खिळे, ऑइल, टँकरचे पाणी आणि तात्पुरते वीजबिल कोणाचे, हे प्रश्न उरतातच. माझा सल्ला असा की मजुरीवर काम द्यायचे असेल, तरी सेंट्रिंग, मिक्सर आणि व्हायब्रेटर ठेकेदाराकडे ठेवा. ते तुमच्याकडे आले की भाडे वाचवण्यासाठी टेकू लवकर काढण्याचा मोह तुम्हालाच होतो.

पायापासून कठड्यापर्यंत

खालून वर जाताना भेटणारे शब्द, आणि प्रत्येक ठिकाणी काय बघायचे:

- पीसीसी : खड्ड्याच्या तळाशी टाकलेला सळईविना काँक्रीटचा थर. फुटिंगची जाळी थेट मातीवर बसू नये म्हणून तो असतो.
- फुटिंग : खांबाचे पाऊल. खड्डा किती खोल, हे कामावर अंदाजाने ठरत नाही. जमीन पाहून अभियंता ठरवतो. काळ्या मातीत तर हे टाळूच नका, कारण ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.
- जोते : जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा उंचावलेला भाग. ‘जोत्यापर्यंत’ म्हणजे फक्त जोत्याची तुळई, की आतला मुरूम भराव, सोलिंग (दगडांचा थर) आणि त्यावरची पीसीसीसुद्धा? पहिला मोठा हप्ता इथेच असतो, म्हणून हे लेखी हवे.
- कॉलम आणि बीम : खांब आणि तुळई. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळईला ‘रिंग’ म्हणतात. रिंगची टोके आतल्या बाजूला तिरकी, १३५ अंशांत वळलेली हवीत. नुसती काटकोनात दुमडलेली रिंग भूकंपात उघडते.
- लिंटेल : दार-खिडकीवरची पट्टी. ती भिंतीभर सलग असेल तर चांगलेच.
- स्लॅब : छत. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी आरसीसी ड्रॉइंग काढणाऱ्या अभियंत्याकडून सळई तपासून सही घ्या. काँक्रीट पडल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

या सगळ्यांत मी सर्वांत जास्त भर देतो तो ‘कव्हर’वर. सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांतले अंतर म्हणजे कव्हर. साधारण हवामानात स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिमी ठेवतात. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेमुळे याहून जास्त लागते. कव्हर कमी पडले की ओल सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. अनेक जुन्या घरांत छताखाली उघड्या पडलेल्या सळया तुम्ही पाहिल्या असतील. त्या जागी कव्हर नव्हते. सळईखाली खडीचे तुकडे किंवा फरशीचे कपचे सरकवलेले दिसले, तर काम थांबवा आणि योग्य जाडीचे कव्हर ब्लॉक मागवा.

‘एकास दोन चार’ आता चालत नाही

सिमेंट, वाळू, खडी यांचे प्रमाण गवंडी असे सांगतात. एकास दोन चार हे जुने, सवयीचे प्रमाण साधारण एम १५ दर्जाचे मानले जाते. एम पुढचा आकडा म्हणजे २८ दिवसांनी काँक्रीटच्या ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन दाब सोसावा, तो. भारतीय मानक ४५६ नुसार सळईच्या कामाला किमान एम २० हवे, म्हणजे एकास दीड तीन.

पाण्याचे प्रमाण त्याहूनही महत्त्वाचे. हाताने प्रमाण ठरवलेल्या एम २० ला ५० किलोच्या एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच धरायचे. माल सरसर पसरावा म्हणून मजूर बादलीभर पाणी जास्त ओततात. काम सोपे होते, पण स्लॅब कमकुवत होतो. स्लॅब भरण्याच्या दिवशी तुम्ही मिक्सरजवळ उभे राहा, बाकी कुठेही नसलात तरी चालेल.

पाणी मारणे आणि सेंट्रिंग खोलणे

‘पाणी मारणे’ म्हणजे दिवसातून दोनदा नळी फिरवणे अशी समजूत आहे. काँक्रीट सतत ओले राहिले पाहिजे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा. उन्हाळ्यात चौदा दिवस धरा. स्लॅबवर मसाल्याचे आळे करून पाणी साठवा. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवा, कारण उभ्या पृष्ठभागावर पाणी टिकत नाही आणि तिकडे कोणी बघत नाही.

टेकू काढण्याचे किमान दिवस साध्या सिमेंटसाठी असे आहेत:

- सुमारे १५ फुटांपर्यंत अंतराचा स्लॅब : ७ दिवस
- त्याहून मोठा स्लॅब : १४ दिवस
- सुमारे २० फुटांपर्यंतचा बीम : १४ दिवस
- त्याहून मोठा बीम : २१ दिवस

हल्ली मिळणारी बहुतेक पोती पीपीसीची असतात. त्याला ताकद हळू येते, म्हणून वरच्या दिवसांत अभियंत्याला विचारून भर घाला.

गिलावा, रंग, पॉइंट, कपाट

गिलावा मोजताना दार-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, यावर हमखास वाद होतो. मोजमापाच्या भारतीय मानकात याची पद्धत दिली आहे. अर्धा चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांपर्यंतचे छिद्र वजा करत नाहीत. त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ चौरस फुटांपर्यंत, भिंतीच्या एकाच बाजूने वजा करतात. त्याहून मोठे असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करतात आणि चौकटीभोवतीचा गिलावा वेगळा मोजतात. ३ × ७ फुटांचे दार २१ चौरस फुटांचे असते. ते एका बाजूने वजा होईल, दुसरी बाजू पूर्ण मोजली जाईल. ठेकेदार ‘एक बाजू वजा नाही’ म्हणाला, तर तो योग्य तेच मागतो आहे: कडा-कोपऱ्यांचे काम त्यात भरून निघते.

रंगाऱ्याच्या ‘दोन हात’ या शब्दात प्रायमर धरला आहे का? पुट्टीचे हात वेगळे आहेत का? ‘प्रायमर एक, रंग दोन’ असे लिहा.

इलेक्ट्रिशियनचा ‘पॉइंट’ म्हणजे दिव्याची एक जागा, पण त्यात वायर, बोर्ड, बटण आणि भिंत कोरून बुजवणे धरले आहे का? एसी आणि गीझरचा पॉइंट साध्या पॉइंटपेक्षा महाग असतो. त्यांची संख्या वेगळी लिहा.

सुताराचे कपाट समोरच्या बाजूच्या चौरस फुटांवर मोजतात. ६ फूट रुंद, ७ फूट उंच कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. आतले कप्पे, खण आणि मागची फळी त्याच दरात, की वेगळी?

गच्चीवर

गच्चीवरच्या ‘ब्रिकबॅट कोबा’त विटांचे तुकडे मसाल्यात बसवून उतार काढतात आणि वर सिमेंटचा गुळगुळीत थर देतात. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथे कोपऱ्याला गोलाई देतात, तिला ‘वाटा’ म्हणतात. गळती बहुधा याच कोपऱ्यातून सुरू होते. वाटा अखंड आणि कठड्यावर थोडा वर चढलेला असावा. काम संपल्यावर पाइपाची तोंडे बंद करून गच्चीत ४८ तास पाणी साठवा आणि खालचे छत बघा. ही चाचणी होईपर्यंत वॉटरप्रूफिंगचा शेवटचा हप्ता देऊ नका.

कागदावरचे शब्द

‘चटई क्षेत्र’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. महापालिकेच्या कागदांत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण. भूखंड २००० चौरस फूट आणि निर्देशांक १.१ असेल, तर २२०० चौरस फूट बांधता येते, आणि त्यात भिंतींची जाडीही मोजली जाते. सदनिका विकत घेताना मात्र ‘चटई क्षेत्र’ म्हणजे आतली वापरायची जागा. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यानुसार त्यात आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची येत नाहीत. ‘सुपर बिल्ट-अप’ किंवा ‘सेलेबल’ असे शब्द ऐकलेत, तर रेराप्रमाणे चटई क्षेत्र किती, एवढेच विचारा.

बांधणाऱ्यांसाठी तीन कागदांचा क्रम असा: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र. वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने दिलेला काम पूर्ण झाल्याचा दाखला म्हणजे भोगवटा नव्हे. भोगवटा नियोजन प्राधिकरणाकडून मिळतो.

वाद झाला तर

सदनिका घेतली असेल, तर नोंदणीकृत करार झाल्याशिवाय विकासक किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष दाखवलात, तर ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. दाद महारेराकडे मागता येते.

स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतले असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या उपयोगी पडतो, कारण घरबांधणी ही त्यात सेवा मानली आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षांची आहे.

त्यासाठी लागणारी कागदपत्रे काम चालू असतानाच गोळा होतात. एक वही ठेवा. दर दिवशी आलेला माल, मोजलेले ब्रास, वजनकाट्याची पावती, स्लॅब भरल्याची आणि टेकू काढल्याची तारीख त्यात लिहा. काँक्रीट टाकण्याआधी सळईचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. वाढीव काम सांगितलेत, तर त्याचा दर त्याच दिवशी लिहून दोघांनी सही करा. हप्ते बँकेतून द्या. शेवटची थोडी रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत तुमच्याकडे राहील, अशी अट करारातच घाला.